तळघरातल्या फुल्या

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचे. घर झकास आहे. स्वयंपाकघर एवढं ऐसपैस की दोन बायका एकमेकींना धक्का न लावता वावरतील, म्हणजे माझी आणि सासूबाईंची निम्मी भांडणं जागेनंच मिटवली. नवरा खोकी उघडायच्या नावाखाली खोक्यांतली जुनी वर्तमानपत्रं वाचत बसला. घरमालक किल्ल्या देऊन घाईतच गेले. जाता जाता म्हणाले, तळघरात आधीच्या भाडेकरूंची जुनी यंत्रं पडलीत. हवं ते ठेवा, नको त्यावर खडूनं फुली मारा, रविवारी सकाळी भंगारवाला फुलीवालं तेवढं उचलेल. खडूही त्यांनीच दिला. पसारा काढायचं काम मला मनापासून आवडतं.

मंगळवार, ५

तळघरात उतरले. दोन फ्रीज, दार लोंबणारं कपडे धुण्याचं मशीन, तीन इस्त्र्या, टोस्टर, शेगड्या. सगळं भिंतीला लावून ओळीत, आणि धूळ नाही. सासूबाई गुडघे धरत मागोमाग आल्याच. प्रत्येक वस्तूला हात लावून त्यांचं एकच पालुपद, असू दे, लागेल कधीतरी. त्यांची जिरवायची म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं बोलत गेले, हे काही कामाचं नाही, आणि मारली फुली. ही काही कामाची नाही, मारली फुली. त्या फुरंगटून वर गेल्या.

एका फ्रीजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात, कानाला लावायचं यंत्र सापडलं. अजून बारीक शिटी वाजत होती. त्याच्यावरही इवलीशी फुली होती, पण ती मी मारलेली नव्हे.

बुधवार, ६

मिक्सर सारखा अडकत होता. वैतागून म्हणाले, हा आता काही कामाचा नाही. कपडे वाळत घालून आले तर ओट्यावर मिक्सर नाही. शोधून शोधून थकले, शेवटी तळघरात सापडला, ओळीच्या टोकाला, पोटावर फुली घेऊन. नवरा कामावर. म्हणजे सासूबाईच. विचारलं तर म्हणाल्या, मला पाण्याचा तांब्या उचलवत नाही, मिक्सर कुठला उचलतेय. पण काल फुरंगटल्या होत्या, हे मी विसरलेले नाही.

शुक्रवार, ८

सकाळी नवरा पंख्यावर करवादला की हा काही कामाचा नाही. मी आंघोळ करून येईपर्यंत पंखा खाली तळघरात, फुलीसकट. वर आणून लावला तर ढिम्म हलला नाही. नवऱ्याचं म्हणणं, मीच करते आणि मीच विसरते. हे तो ज्या गोड आवाजात म्हणाला तो आवाज मला आवडला नाही. सासूबाई त्याच्याकडे बघून हसल्या असं वाटलं. मायलेकांचं काहीतरी शिजतंय. तळघराला कुलूप घातलं, किल्ली आणि खडू माझ्या खिशात.

शनिवार, ९

आजचं सगळं लिहून ठेवते.

गुडघे दुखले की सासूबाई रोजच म्हणतात, मी आता काही कामाची नाही. रोजचंच रडगाणं, मी लक्षही देत नाही. आजही म्हणाल्या. मी चहा ठेवून वळले तर खुर्ची रिकामी. तळघराचं कुलूप जसंच्या तसं. उघडलं. त्या ओळीत बसल्या होत्या, फ्रीज आणि मशीनच्या मध्ये, पाय जुळवून. डोळे उघडे. अंग गार. स्वेटरच्या पाठीवर फुली.

ओल्या फडक्यानं रगडली, निघेना. मग रडत रडतच म्हणाले, आई, असं करू नका, तुम्ही लागता हो मला. तेव्हा कुठे निघाली. त्यांनी श्वास घेतला आणि चहा झाला का विचारलं. मी त्यांना धरून रडले.

आता कळलं. या घरात ज्याला कामाचं नाही म्हटलं, ते खाली जातं. दोघांना बजावलं, ते शब्द तोंडातून काढायचे नाहीत. सासूबाईंनी मान हलवली. नवरा हसला. मी त्याच्यावर नको तेवढी ओरडले. नंतर दोघं आतल्या खोलीत कुजबुजत होते. मी गेले तर गप्प.

रविवार, १०

पाठ गार आहे. उठल्यापासून.

नवऱ्याला म्हटलं, बघ जरा. न बघताच म्हणाला, काही नाही. बाहेर गेला—

दोन आरसे धरून पाहिलं. आहे. बरोबर मधोमध, जिथे आपला हात पोहोचत नाही तिथे. वरून नाही, खालून नाही. दाराच्या चौकटीला पाठ घासली— निघत नाही. कुणीतरी म्हणायला हवं ना. लागतेस म्हणून.

आणि ते दुसरं, जे म्हणायचं नाही ते, कोण म्हणालं? तो? की त्या—

खिशात किल्ली आहे. खडू नाही.

पाय आपोआप जिन्याकडे. वरच्या पायरीवर बसून लिहितेय, कठडा धरलाय. भंगारवाल्याची गाडी फाटकाशी थांबली. बोटं गार—

आईंना हाक मारली. दोनदा. येताहेत, गुडघे धरत. काही बोलत नाहीत. मुठीत पांढरं काहीतरी आहे. फडकं, की ख