नवी मोजणी

१४ मार्च

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? ठमी पास झाल्याचं तिच्याकडूनच कळलं. पोरीने फोनवर तासभर माझं डोकं खाल्लं. आम्ही ठीक. घराला रंग दिलाय, वास अजून जात नाही.

वर्ष होत आलं, मी तुमच्याकडे फिरकले नाही. कामाचं कारण सांगत राहिले. ते खरं नव्हतं.

दादाचं आणि माझं भांडण तुम्ही जेवताना कितीदा ऐकलंत. तो म्हणायचा, पॅनेल अंतराळात न्या. तिथे ढग नाहीत, रात्र जवळजवळ नाहीच, वीज लहरींनी खाली पाठवू. मी म्हणायचे, ते सगळं वर नेऊन तिथे दुरुस्त करायच्या खर्चात जमिनीवर कितीतरी जास्त पॅनेल बसतील, शिवाय रात्रीपुरत्या बॅटऱ्याही येतील. दोन्हींची तुलना करायचं काम समितीने मला दिलं, तेव्हा तो हसला. म्हणाला, बरं झालं, शत्रू निदान घरचा आहे.

मनोऱ्यावरून लहरींनी पाठवलेली वीज दूरच्या, लहरी झेलणाऱ्या जाळीवर किती पोचते, याच्या त्याने दोन चाचण्या केल्या होत्या. मी अहवालात जुनीचा आकडा घेतला. निम्मी पोचते, असा. अहवाल छापून आल्यावर त्याचा फोन आला.

"छोटे, नवी मोजणी बघ. पाऊण पोचतेय."

"मला ती मिळालेलीच नाही, दादा."

वहिनी, ती माझ्या खणात होती. फोनवर बोलता बोलताच मी खण उघडून पाहिला. निकाल काही बदलणार नव्हता; पाऊण धरूनही जमीनच स्वस्त पडत होती. पण चूक माझी होती आणि आयुष्यात एकदा तरी मला त्याच्यापुढे बरोबर ठरायचं होतं.

तो म्हणाला, ठीक आहे, पुन्हा मोजतो. दुसऱ्या दिवशी भर वाऱ्यात तो एकटाच मनोऱ्यावर चढला. पाय घसरून पडला आणि जागीच गेला, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. ते खरंच आहे. तो मनोऱ्यावर का चढला, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्याच जागेवर आता आमची पॅनेल आहेत. रोज ऊन कलतं, माझ्या पडद्यावरची विजेची रेघ खाली येत येत शून्याला टेकते, आणि तो खुर्चीमागे येऊन उभा राहतो. रागावत नाही. वाट बघतो. मी वळून बघायचं सोडून दिलंय.

काल मी समितीला दुरुस्ती पाठवली: खरा आकडा, खणातला कागद आणि दादाला काय सांगितलं तेही. सोमवारी बैठक आहे. माझी नोकरी बहुधा जाईल. पण बाहेरून तुमच्या कानावर जायच्या आत तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. ठमीला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.

तुम्ही म्हणू दिलंत तर,
तुमची नणंद