फिरतंय अजून

प्रिय आई,

टपालाने आलेलं पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून सुरुवातीलाच सांगते, सगळं ठीक आहे. तब्येत बरी आहे, नोकरी आहे, घरमालकाने करार वाढवून दिला आहे. बाबांनी जन्मभर मुलुंडभर लोकांची पत्रं वाटली आणि त्यांच्या मुलीने आज पहिल्यांदा पोस्टाचं तिकीट विकत घेतलं. ते कुठल्या कोपऱ्यात चिकटवायचं हेही मला खिडकीवरच्या बाईंना विचारावं लागलं. बाबा असते तर हसले असते.

मानसी लग्न होऊन गेली, हे तुला माहीत आहे. तिची खोली अजून रिकामीच आहे. दुसरी मुलगी शोधायला हवी, पण मी कुठे जाहिरात टाकलेली नाही. ऑफिस अंधेरीला असलं तरी आठवड्यातून एकदाच बोलावतात. बाकीचे दिवस घरून काम, मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद, आणि मला बहुतेक वेळा नुसतं ऐकायचंच असतं. परवा संध्याकाळी कुरिअरवाला आला. ‘ठेवा तिथेच’ म्हणायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही, हे तेव्हा लक्षात आलं. घसा साफ करून पुन्हा म्हटलं, तोवर तो पाकीट ठेवून जिन्यावरून उतरला होता.

तुझा लॅपटॉप कसा आहे हे विचारणार होते. पण तो नीट चालत असणार, हे मला माहीत आहे.

बाबा गेल्यावर तू हट्टच धरलास, ‘मला शिकव. बिलं भरायला मी कोणाच्या दारात उभी राहणार नाही.’ मग मी माझा जुना लॅपटॉप तुला दिला आणि वेबसाइटच्या पत्त्याशेजारची चांदणी दाखवली. हवं ते पान उघडायचं, चांदणी दाबायची, की ते वरच्या पट्टीवर येऊन बसतं. दर वेळी शोधायला नको. तुला ते फार आवडलं. ‘बाबांच्या चाव्यांच्या खुंट्यांसारखं आहे गं,’ म्हणालीस, आणि दिसेल तिथे चांदणी दाबत सुटलीस. एकट्या विजेच्याच बिलाची बटणं ओळीने लागली होती. त्यातलं एकही चालायचं नाही, कारण तू पासवर्ड घालून पार आत जायचीस, बिल डोळ्यांनी बघायचीस आणि मग खूश होऊन चांदणी दाबायचीस. दुसऱ्या दिवशी त्याच बटणावर पान सांगायचं, तुमचं सत्र संपलं आहे. की लगेच मला फोन. ‘सपना, मला परत बाहेर काढलं गं! मी काय घोडं मारलंय ह्यांचं?’

मी प्रत्येक वेळी तेच सांगायचे. खूण दाराची ठेवायची, आतल्या खोलीची नाही. आतली खोली तेवढ्यापुरती असते, आपण बाहेर पडलो की ती राहत नाही. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, ‘दाराशी माझं काय काम? मला आत जायचंय.’

मग आपण दोघी मिळून पहिल्यापासून सुरू करायचो. तुझ्याकडचं नेट मंद. ‘थांब, फिरतंय अजून,’ असं म्हणून पडद्यावरचं चाक फिरेपर्यंत तू बोलत राहायचीस. विहाराच्या नव्या पंख्याचा आवाज कसा येतो. कुर्ल्याच्या आत्याने गुडघ्याला कसलं तेल लावलं. जानकीकाकूंनी आमसुलं वाळत घातली म्हणून सोसायटीच्या शिवदासकाकांनी गच्चीला कुलूप कसं ठोकलं, आणि काकूंनी त्याच्यावर स्वतःचं दुसरं कुलूप कसं चढवलं. ‘आता दोघंही खाली! आणि चावी शेवटी कोणाकडे सापडली माहितेय?’ म्हणालीस, आणि तेवढ्यात, ‘आलं, आलं पान! ठेव आता, तुझी कामं खोळंबली असतील.’

मी कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून टाइप करत असायचे. हं, हं करायचे. नीट ऐकत नव्हते असं मला वाटायचं, पण सगळं लक्षात राहिलं आहे.

एप्रिलमध्ये जयंतीला घरी आले होते. तू बायकांबरोबर निळ्या काठाचं पातळ नेसून विहारात गेलीस आणि मी तुझा लॅपटॉप उघडून बसले. मोडकी बटणं काढून टाकली. प्रत्येक पानाच्या दाराची खूण ठेवली, पासवर्ड साठवून दिले, नावं मराठीत आणि एका शब्दात लिहिली: वीज, गॅस, बँक, पेपर, आणि तुझ्या बुद्धवंदनेसाठी वंदना. तुझी पट्टी माझ्या लॅपटॉपवरही जोडून घेतली, म्हणजे काही बिघडलं तर इथूनच दुरुस्त करता येईल. तू काय उघडतेस ते मला दिसत नाही, तेवढं मी बंद ठेवलं आहे. दिसतात ती फक्त बटणं. परत आल्यावर तू एकेक दाबून बघितलंस आणि म्हणालीस, ‘छान केलंस गं. आता तुला त्रास नाही.’

काम चोख झालं होतं. तेव्हापासून एकही बटण बिघडलं नाही आणि तुझा असा फोन आला नाही.

रविवारी आपण बोलतो. जेवलीस का, हो. बरी आहेस ना, हो. ठेवते, ठेव. बाकी काय विचारायचं ते मला सुचत नाही, आणि तुला वाटतं मी कामात आहे. नकाशात बघितलं तर माझं बोरिवली आणि तुझं मुलुंड यांच्यामध्ये नुसतं जंगल आहे. माझ्या खिडकीतून त्याची ही बाजू दिसते, तुझ्या गच्चीवरून ती. जायचं मात्र घोडबंदरचा वळसा घालून. ऑफिस मला पगार देतं तो पानं लवकर उघडावीत म्हणून. चाक फिरण्याचा वेळ कमी करायचा, एवढंच माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं. तुझ्या घरीही मी तेच करून आले.

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर मी पुन्हा ‘बरी आहे’ म्हणून मोकळी झाले असते. म्हणून पत्र. आज तुझ्या पट्टीवरचं ‘वीज’ मी काढलं आहे आणि त्या जागी तुझं जुनं, आतल्या खोलीचं बटण लावलं आहे. ते दाबलंस की पान तुला बाहेर काढेल. ते दुरुस्त करू नकोस आणि कोणाला विचारूही नकोस. मला फोन कर, दुपारी, भर कामाच्या वेळी. आपण पहिल्यापासून सुरू करू, आणि चाक फिरत असेल तोवर मला सांग, चावी शेवटी कोणाकडे सापडली?

तुझीच,
सपना