पुस्तकात नसलेलं उत्तर

३ सप्टेंबर

चि. भाचीस,
अ. उ. आ.
तू महिनाअखेरीस गणित सोडायचा अर्ज देणार, असं तुझ्या बाबाने कळवलं, म्हणून हे पत्र. नाहीतर मला लिहिण्याची हौस नाही. चाचणीत एका गणिताला भोपळा मिळाला, एवढंच ना? सायकलवरून पडलीस तेव्हा सायकल नाही सोडलीस, उलट शेजाऱ्यांचं कुंपण मोडलंस. गणित शिकवून माझे केस पांढरे झाले. रडगाणं मला नवं नाही. ते नको, गणित पाठव. खोडलेलंसुद्धा.
आत्या

७ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.
तू रागावलीस की बरं वाटतं. गणित असं: साइनचा घन गुणिले कोसाइनचा घन, याचं इंटिग्रेशन. मी एक कोसाइन बाजूला काढला, उरलेल्या कोसाइन-वर्गाच्या जागी एक वजा साइन-वर्ग लिहिला आणि साइनला यू मानलं. उत्तर आलं: साइनचा चौथा घात भागिले चार, वजा सहावा घात भागिले सहा, अधिक सी. पुस्तकात सगळं कोसाइनमध्ये आहे, चिन्हंही उलटी. सरांनी काट मारली. म्हणाले, पुस्तक चुकत नाही. मला माझी चूक काही केल्या सापडत नाही. जिला स्वतःची चूक दिसत नाही, तिने गणित कशाला करावं?
तुझी रडूबाई

१० सप्टेंबर

चि. रडूबाईस,
अ. उ. आ.
सांगणार नाही. दोन्ही उत्तरांत एक्सच्या जागी शून्य घाल, मग बोल. तोवर अर्ज घरातच राहू दे.
आत्या

१४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.
घातलं. माझं शून्य आलं, पुस्तकाचं वजा एक बारांश. पण एकाच ठिकाणी बघून काय कळणार? म्हणून माझ्या उत्तरातले सगळे साइन-वर्ग कोसाइनमध्ये बदलले. पुस्तकाचंच उत्तर निघालं, अधिक एक बारांश. एक्स काहीही असो! सी म्हणजे कुठलाही स्थिर आकडा, तो बारांश त्याच्याच पोटात जातो. म्हणजे दोन्ही बरोबर. सरांना फळ्यावर करून दाखवलं. त्यांनी प्रत्येक ओळ ताडून पाहिली. मग स्वतः काट खोडली आणि भर वर्गात म्हणाले, पुस्तक चुकलं नव्हतं, मी चुकलो. अर्ज फाडला.
तुझीच

१८ सप्टेंबर

चि. भाचीस,
अ. उ. आ.
शून्य घालायला मी सांगितलं. तेवढ्याने भागत नाही, हे मी सांगितलं नव्हतं, ते तुझं. शून्यावर थांबणारे मला जन्मभर भेटले, पुढे जाणारी तू. सरांचाही मान ठेव, भर वर्गात असं बोलायला छाती लागते. लोभ आहेच, तो आळसाने कमी करू नकोस.
आत्या

ता. क. तुझ्या बाबाच्या हाती दिलं: माझी लाकडी पट्टी एक. इंटिग्रेशनचं पुस्तक एक, मागची उत्तरांची पानं काढून घेतलेली.