भिंतीतली दोन भोकं

१२ जुलै, शनि.
दिलीप सकाळीच गेला. रजा शिल्लक होती, पण बोटीवरून बोलावणं आलं. वास्कोपर्यंत टॅक्सी. जाताना सिनेमाच्या आवाजाचं नवं मशीन अर्धवट टाकून गेला. रिसीव्हर टीव्हीखाली, पुढचे दोन स्पीकर आणि मधला जागेवर. जमिनीवरचा मोठा, धमधम करणारा, कोपऱ्यात. मागचे दोन राहिले. त्यांच्यासाठी भिंतीत भोकं तेवढी पाडून ठेवली. वायरी सोफ्याखाली लोंबतायत.
"बाबा, तुमी हात लावू नकात. मारुती लावतलो." मारुती म्हणजे मागच्या खोलीतला आमचा भाडेकरू. गडहिंग्लजचा, तुयेच्या फॅक्टरीत असतो.
हात लावू नका म्हणाला तेव्हापासून डोक्यात तेच. विजेचा झटका बसेल का. पाऊस आहे.
बोट कुठे जाणार ते विचारायचं राहून गेलं.

१३ जुलै, रवि.
मशीनबरोबरचं इंग्रजी पुस्तक उघडून बसलो. मी मराठी चौथी. चित्रं बघितली. चित्रात मधे एक माणूस बसलेला, चारी बाजूंनी स्पीकर. एकटाच माणूस. बायको कुठे बसवायची ते दाखवलेलं नाही.
ही म्हणाली, "तुमका रेडिओचो काटो फिरवूक जमना नाय, आणि हे सहा डबे संभाळतल्यात?"
आमची खोली लांबट आणि अरुंद. पूर्वी साल, म्हणजे पुढची बैठकीची खोली, मोठी होती, वडिलांच्या वेळची. गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी मधे भिंत घातली. पलीकडे दादा, माझा थोरला भाऊ. राजभाषेच्या वादात तो कोंकणीच्या मोर्चात जायचा, मी मराठीच्या. भांडलो मात्र दोघेही कोंकणीतूनच. तेव्हापासून बोलणं नाही. दिलीपने भोकं पाडली ती ह्याच भिंतीत.

१५ जुलै, मंगळ.
वहिनी पायरीवर येऊन उभी राहिली. आत आली नाही. हिला म्हणाली, "गो, तुमच्या मशिनीची माती ह्यांच्या उशीवर पडली."
म्हणजे भोकं आरपार गेलीत. एका विटेची भिंत, दुसरं काय होणार. दिलीपला कळलं नसेल का?
दादाची खाट भिंतीला लागूनच आहे. शिमग्यापासून अंथरुणावर. छातीत पाणी होतं म्हणतात. मी लोकांकडून ऐकतो.

२० जुलै, रवि.
मारुतीला सुट्टी. मागचे स्पीकर लावायला आला. आधी पुढचे बघू म्हणून सिनेमाची तबकडी घातली. पडद्यावर बागेत दोघं जण गात होते. मी सोफ्यावर मधोमध. इतक्यात मागून कोणीतरी खोकलं. अगदी मानेजवळ.
मारुती खूष. "बघितलासा काका? माणूस पाठीमागं बसून खोकतोय असं वाटतंय का नाही? ह्याला म्हणत्यात सराउंड!"
मी म्हटलं, "पण बागेत खोकतो कोण?"
हिने आवाज बंद केला. खोकला चालूच. मारुतीने हाताकडे बघितलं. मागच्या स्पीकरची वायर अजून त्याच्या हातातच होती.
पलीकडून वहिनी दादाला पाणी विचारत होती, "उदक देव?"
मारुती कुजबुजला, "पांढरं सिमेंट आणू का काका? पाच मिनटाचं काम."
रविवारी बघू म्हटलं. आजच रविवार होता.

२३ जुलै, बुध.
स्पीकर लागले. भोकं त्यांच्या खालीच, उघडी. बुजवली नाहीत.
सगळं ऐकू येतं. वहिनी पेज भरवते. "आनी एक घास. माझ्या खातीर." दादा म्हणतो, "नाका." एवढंच. आवाज सुतासारखा बारीक. हाच माणूस सप्ताहात उभा राहिला की खालच्या वाड्यावर ऐकू जायचा. लाऊडस्पीकर नको म्हणायचा. कोंकणीवाला खरा, पण भजनाला सगळे अभंग मराठी. मी एकदा सगळ्यांसमोर त्यावरून टोमणा मारला होता. तो म्हणाला, "देवाक विचार." लोक हसले. मीच एकटा हसलो नाही.

२७ जुलै, रवि.
ऐकू येतं ते दोन्हीकडून. मी हिच्याशी काय काय बोललो ते आठवत बसलो. दादाचं काही खरं नाही, असं म्हटलं होतं का? सोमवारी? ही म्हणते, आठवत नाही.
आता ही स्वतःच्या घरात कुजबुजत बोलते. आज चिडली. "चोरासारखां किती दीस बोलूचां? भोकां बुजवा. नाय तर तोंड लावन एकदा 'दादा' म्हणा. एक कायतरी करा."
दोन्ही केलं नाही. बाजारातून शेंगदाणे घेऊन आलो.

३० जुलै, बुध.
दिलीपचा फोन. मधेच खरखर. "मागचे चलतत मरे?" चालतात म्हटलं. "मधे बसान आयका, बाबा. सगळ्या कडेन आवाज येतलो." येतो म्हटलं. मग त्याने दादाची चौकशी केली, "थोरले बाबा कशे आसत?" फोन तुटला. की मीच ठेवला.

३ ऑगस्ट, रवि.
मारुतीला बोलावलं. म्हटलं, पुढचे सगळे बंद कर, मागचे दोनच चालू ठेव. आणि त्यांची तोंडं फिरव.
"कुनीकडं?"
"भिंतीकडे."
"काका, तोंड माणसाकडं ठेवत्यात. भिंतीला काय ऐकवायचंय का?"
ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "व्हय. भिंतीक आयकवचां आसा. फिरव तू."
त्याने फिरवले. दिवेलागणीला भजनाची तबकडी लावली, म्हापशाहून आणलेली. हळू आवाजात. खोकला थांबला. की भजनात बुडाला? आवाज कमी करून कान दिला. खोकला आहे. पुन्हा वाढवला. परत कमी. ही म्हणाली, "तुमी त्येका नीट आयकूक तरी देशात?"

५ ऑगस्ट, मंगळ.
विहिरीवर वहिनीने हिला विचारलं, "सांजेक भजन कोण लावता?"
"हे."
वहिनी कळशी भरून गेली. पुढे काही नाही.
काही नाही म्हणजे काय? बरं वाटलं असेल तर बोलली असती. वाईट वाटलं असतं तर नक्कीच बोलली असती. हिला चार वेळा विचारलं, तोंड कसं होतं वहिनीचं. "तोंडासारखां."

८ ऑगस्ट, शुक्र.
भजन चालू असताना पलीकडून टक टक. खाटेच्या दांड्यावर बोट मारल्यासारखं. तालात होतं असं मला वाटलं. दादा टाळ हातात नसला की असाच ठेका धरायचा. तबकडी थांबवली. टक टक थोडा वेळ चालू होतं, मग थांबलं.
ही म्हणते, वहिनी औषधाची गोळी कुटत असतील.
असेल.

१२ ऑगस्ट, मंगळ.
ही तुळशीकडे होती. सोफा सरकवला, गुडघ्यावर बसलो. भोकाला तोंड लावलं. पलीकडून बामाचा वास आला. श्वासाची घरघर. हाताच्या अंतरावर.
"दा" म्हटलं. तेवढ्यात बांगड्या वाजल्या, वहिनी आली असणार. मी मागे सरकलो. डोकं स्पीकरला आपटलं. मग उगाच वायर तपासल्यासारखं केलं. बघायला कोणी नव्हतं.

१४ ऑगस्ट, गुरु.
दादाला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सकाळी श्वास लागला. गाडी आली तेव्हा मी अंगणात. मारुतीने एका बाजूने धरलं, ड्रायव्हरने दुसऱ्या. मी छत्री धरली. दादाचे डोळे मिटलेले होते. छत्री कोण धरतंय ते कळलं नसणार.
वहिनीने किल्ली माझ्या हातात दिली. हिच्या नाही. "देवाक दिवो लावा. तुमचोय देव तो."

१५ ऑगस्ट, शुक्र.
चवथ सोडून त्या दारातून मी कधी आत जात नाही. गणपती एकच, दादाच्या भागात. दरवर्षी आरतीला शेजारी उभे राहतो, दोघेही मोठ्याने म्हणतो, आणि प्रसाद घेऊन मी परत येतो. आज दिवा लावला. दोन काड्या फुकट.
मग खाट बघितली. उशीवर खळगा तसाच. दोन भोकं. पायाकडचं उघडं. उशीकडच्या भोकात पांढरी चिंधी, अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबणारी.
कोणी अर्धीच कोंबली, की पूर्ण होती ती अर्धी ओढून काढली? दादाचा हात तिथवर पोचतो. वहिनीचाही. मुंग्यांसाठी असेल. वाऱ्यासाठी असेल. भजन नको म्हणून असेल.
हात लावला नाही. देवाजवळ बराच वेळ उभा राहिलो, पण नजर चिंधीकडे.
कोपऱ्यात गणपतीचा पाट दिसला, मूर्ती ह्याच्यावरच घडवतात. नागपंचमी झाली, अजून मूर्तिकाराकडे गेलेला नाही. दरवर्षी दादा नेऊन देतो.

१७ ऑगस्ट, रवि.
वहिनीचा फोन, हॉस्पिटलातून. "बोलना नाय. पण आयकता, अशें डॉक्टर म्हणता." मग, "तुमी येतल्यात?"
मी म्हटलं, बघतो. हिने फोन हातातून काढून घेतला आणि सांगितलं, फाल्यां येतत.
उद्या म्हणजे पहिल्या बसने. बातमी वाईट आली तर सुतक. मग मशीन बंद, गणपतीसुद्धा नाही. पाट दिला आणि नंतर तसं झालं तर? नाही दिला आणि दादा बरा होऊन आला तर?
संध्याकाळी पाट आणला. पुसला. मारुती म्हणाला, "मी देऊन येतो की काका, सायकल हाय." नको म्हटलं. मूर्तिकाराचं घर वाटेवरच आहे. मीच देईन, मग बस धरीन.
दिवेलागणीला भजन लावलं. पलीकडे कोणी नाही, तरी लावलं. स्पीकर तसेच, भिंतीकडे तोंड करून.
हॉस्पिटलात मधे भिंत नसणार. कॉटजवळ उभं राहून आधी काय म्हणायचं ते सकाळपासून शोधतोय. एक सापडलंय. दादा, पाट दिलो. एवढं म्हणता येईल.
त्याच्यापुढे काय, ते अजून सापडलं नाही.