लातुरातले तीन तटस्थ

नांदेड
२८ मे २०१३

प्रिय सुदर्शन,

तू खुशाल असशील असं लिहायची रीत आहे. यंदा तेवढा धीर होत नाही.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. परवा लातुरात मला दिवसभर चहा मिळाला नाही. क्लासचालक संघाच्या कचेरीत तुझी किटली होती, मलप्पाचा थर्मास होता. तुझा घेतला असता तर मलप्पा म्हणाला असता माणूस फितूर झाला. त्याचा घेतला असता तर तू. सगळ्या मराठवाड्याची पोरं शिकवणाऱ्या गावात निःपक्षपाती माणसाला घोटभर चहा नाही, याचा माझ्या सदरात जाहीर निषेध करणार आहे.

पंचांच्या निवडीची हकीकत ऐक. ‘पत्राशेड’ हे नाव तुझं. भूकंपानंतर पत्र्यांखाली तू शिकवायला लागलास, पोरांनीच ते नाव पाडलं. इंटरनेटवर त्या नावाचा पत्ता मात्र मलप्पानं आधी घेऊन ठेवला. आता पालक तुझं नाव टाकतात आणि उघडते त्याची पाचमजली इमारत. दहावीचा निकाल लागायच्या आत पत्ता परत मिळाला नाही तर यंदा क्लासला कुलूप लागेल, हे तूच सांगितलंस. म्हणून तीन तटस्थ पंच निवडायला बाहेरगावचा माणूस म्हणून माझं नाव सुचवलंस. मलप्पा लगेच म्हणाला, “मुनीबसायब चालतील की. आमची काय बी हरकत न्हाई.”

तुझा इतका जुना दोस्त त्याला चालतो कसा, हे तू तेव्हाच विचारायला हवं होतंस.

नियम असा, की प्रत्येक पंचानं दोन्ही बाजूंशी असलेला संबंध लिहून द्यायचा. कॉम्प्युटरच्या प्राध्यापकांनी लिहिलं, संबंध नाही. मी विचारलं, मुलगा कुठं शिकतो? म्हणाले, “मलप्पा सरांकडंच. पण तो सकाळच्या बॅचला हाय, पंचांची बैठक संध्याकाळची.” वकीलसाहेबांच्या इमारतीत मलप्पाचं हॉस्टेल आहे. त्यांचाही संबंध नाही. “भाडेकरूशी कसला संबंध, मुनीबभाई? वर्षातून एकदा तोंड बघतो.” ही लबाडी नव्हे रे. लातुरात क्लासशी संबंध म्हणजे हवेशी संबंध. मी श्वास घेतो असं कोण लिहून देतो?

एकटीनं लिहिलं. तू सुचवलेल्या कहकशांनं. वकिली करणारी, इंटरनेटवरच्या नावांचे खटले चालवलेली आपल्याकडची बहुधा ती एकटीच. ‘दहा वर्षांची असताना, भूकंपानंतर, सुदर्शन सरांच्या शेडमध्ये काही महिने शिकले. निकालावर त्याचा परिणाम होणार नाही, पण लपवणार नाही.’ मलप्पानं त्या ओळीवर बोट ठेवलं. “बघा सायब, संबंध.”

तिच्या जागी एक निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांची सून मलप्पाकडं केमिस्ट्री शिकवते. संबंध नाही.

काल फोनवर तू विचारलंस, “कहकशांचं नाव कुणी कापलं रे?” मी म्हणालो, संघानं. मग अम्मीच्या गुडघ्यांवर बोललो, उन्हावर बोललो. तू अर्शीची चौकशी केलीस. मी म्हणालो, अभ्यास करून राहिली. कुठं, ते तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

ज्याचा पंच नाकारला त्याला कारण लेखी द्यावं लागतं, असाही नियम आहे. तेवढं तुझं येणं माझ्याकडं राहिलंय. रविवारी पंच बसायच्या आत हा कागद संघात दाखव. निवड रद्द व्हायला पुरेल. अर्शीचं मी बघतो.

कारण: कहकशां यांनी खरं लिहिलं, म्हणून त्यांचं नाव मी कापलं. निवडणाऱ्याकडून संबंध कुणी लिहून घेतला नव्हता, तो असा: माझी मुलगी अर्शी मलप्पांच्या निवासी बॅचमध्ये आहे. फी माफ.

दोस्ताची सही संघात चालायची नाही, म्हणून हुद्द्यासकट करतो.

मुनीब अहमद,
पंच निवडणारा