जावयाला लाल कोंबडा दाखवू नकोस

सौ. सुमित्रेस बुऱ्हाणपुराहून आशीर्वाद.

मी बरा आहे, मनीषाही मजेत आहे. तुझा गुडघा शेकतेस ना? फोन मनीषाचा, ती ऐकते, म्हणून पत्र लिहितोय.

जावयाचं लक्षण मला ठीक दिसत नाही. भूषणराव रोज खिडकीशी बसून कोंबड्याच्या मानेची पिसं निवडतात. पीस ओठाला लावतात. टोचलं तर ठेवतात, मऊ लागलं तर फेकतात. विचारलं तर म्हणाले, "मामा, गळाला बांधून खोटी माशी करतो. कडक पीस पाण्यावर तरंगतं, पहाडातले मासे फसतात." गांडूळ सोडून माशाला पीस कोण देतं? मला करणीचा संशय येतो. मनीषा नुसती हसते.

काल म्हणाले, "तुमचा लाल कोंबडा किती वर्षांचा?" मी चार म्हणालो, तर डोळेच चमकले. "जुन्याचं पीस कडक असतं, मामा!"

पुढल्या रविवारी ते तिकडे येणार, नेमकी अमावस्या. जावई आला की आपण कोंबडा कापतो, हे त्यांना ठाऊक आहे. तू त्याला शेजारी सरुबाईकडे ठेव आणि वांग्याचं भरीत कर. नवसाचा होता, देवाला गेला म्हण.

चार वर्षं माझ्या तळहातावरचे दाणे टिपतोय तो. मी येईपर्यंत जप त्याला.

मोतीराम