स्टिअरिंगवर मी नव्हतो

मी, चंद्रभान भुजंगराव गिराम, वय एकाहत्तर, मूळ राहणार पिंगळी, हल्ली मुक्काम परभणी, सरकारी ॲम्ब्युलन्सचा सेवानिवृत्त चालक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या किडन्या गेल्या आहेत, डोकं गेलेलं नाही. डोकं फिरलंय असं माझे मेहुणे अण्णासाहेब गावभर सांगत फिरतात, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणाचा दबाव आहे का म्हणाल, तर लय आहे. पण तो हे न लिहिण्यासाठी आहे.

१. परभणीतलं राहतं घर मुलगी राजेश्री आणि मुलगा महारुद्र यांना निम्मं-निम्मं. राजेश्रीने "मला काही नको, दादालाच द्या" म्हणू नये. तिच्या आईने जन्मभर तेच म्हणून माहेरचा सगळा हिस्सा भावाच्या घशात घातला. तो भाऊ म्हणजे वर आलेले अण्णासाहेब.

२. पिंगळीची दोन एकर जमीन महारुद्रला. त्यावर अट घालावी असं वकील म्हणाले. मी घालत नाही. अट घातली तर पोरगा जमिनीसाठी खरं बोलला असं होईल.

३. लोखंडी पेटी, आतल्या बॅटरीसह, दोरखंडासह आणि लाकडी फळ्यांसह, योगीराज डुकरे यास. हा माझ्या ॲम्ब्युलन्सवर एकोणीस वर्षं मदतनीस होता. मान मोडलेल्या माणसाला उचलताना डोकं कसं धरायचं, हे मला कुठल्या साहेबाने नाही, योगीराजने शिकवलं. पेटीची कडी वाकडी आहे, ती त्याच्याच हाताने वाकली आहे.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

१४ डिसेंबर २०२४ रोजी दिवेलागणीच्या सुमारास महारुद्र त्याची पांढरी कार घेऊन एकटाच घरी आला. घामाघूम झालेला. म्हणाला, पिंगळी रोडला एक बाई आडवी आली. मी विचारलं, कुठं हाय ती? म्हणाला, तिथंच. गाडी चालवताना फोनवर बोलत होतो हेही त्यानेच सांगितलं. मी त्याला एका शब्दाने बोललो नाही. आधी पेशंट, मग चौकशी, ही अठ्ठावीस वर्षांची सवय. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ती सोनपेठकडे गेलेली. मग त्याच्या हातातली चावी घेतली आणि त्याच कारने मी एकटा निघालो.

कडूबाई तिचं नाव. शेतातून हरभऱ्याची भाजी खुडून घरी निघालेली. ती डांबरावर नव्हती, कडेच्या मातीत पडलेली होती. आडवी आलेली बाई मातीत पडत नसते, एवढं मला कळतं. सात-आठ जण मोबाईल धरून उभे होते. दोघांना खडसावून हाताशी घेतलं, तिला सपाट उचललं आणि मागच्या सीटवर निजवून दवाखान्यात आणलं. वाटेत ती शुद्धीवर होती. "भाऊ, माजी चप्पल ऱ्हायली तितं," म्हणाली. आणून देतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी जाऊन शोधली, सापडली न्हाई.

पेशंट उतरवला की पुढचा कॉल यायच्या आत गाडी धुवायची, हे आमच्या कामाचं पहिलं वळण. कडूबाईला आत नेलं आणि माझे हात आपोआप बादलीकडे गेले. आवारातल्या नळावर मी ती कार आतून धुतली, मग बाहेरून धुतली, बंपरसुद्धा फडक्याने पुसला. बादली खाली ठेवली तेव्हा ध्यानात आलं की ही ॲम्ब्युलन्स नव्हे. पोलीस आले तेव्हा पेशंट मी आणलेला, चावी माझ्या खिशात, रक्त माझ्या सदऱ्यावर आणि गाडी चकाचक. त्यांनी माझंच नाव लिहून घेतलं. तेव्हा मी गप्प राहिलो. पोटच्या पोराचं नाव तोंडातून निघेना.

कडूबाई तिसऱ्या दिवशी गेली. अर्धा तास आधी आणली असती तर वाचली असती, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. म्हणून इथे स्पष्ट लिहितो: धडक दिली त्या वेळी गाडी महारुद्र चालवत होता, मी घरी होतो. तिला टाकून आला तो महारुद्र. पुरावा धुतला तो मी. गप्प बसलो तोही मीच. ज्याचं त्याने भोगावं.

५. मेहुणे अण्णासाहेब यांना काही नाही. त्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ त्यांना परत करावं. ते तेव्हाही मागं चालत होतं. माझ्या किडन्यांचं कळल्यावर आठवड्याच्या आत ते स्टॅम्पपेपर टाईप करून घेऊन आले. अपघाताच्या वेळी गाडी मीच चालवत होतो, असं त्यावर. म्हणाले, "दाजी, तुमचं आता किती राहिलंय? सही करा. केस तुमच्यासंगं संपल, पोराचं आयुष्य वाचल." शिकलेला माणूस, तोंडावर असं बोलला.

यात नवल नाही. दवाखान्याच्या दारात उभं राहून मी हे किती वेळा पाहिलंय. धडक देणारा एक, कबूल करणारा दुसरा. कधी पगारी ड्रायव्हर, कधी गरीब भाचा. मी पेशंट उतरवायचो आणि बाजूला चहा पीत माणसं ठरवायची की आत कुणी जायचं. आता माझा नंबर लावलाय. अठ्ठावीस वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडीसुद्धा मेली नाही, आणि जाताना मी एक बाई मारून जाऊ? नाही करत सही. जा.

महारुद्र मला सही करा म्हणाला नाही. करू नका असंही म्हणाला नाही. माझा सगळ्यात मोठा राग त्याच्या या गप्प बसण्यावर आहे, आणि त्याच्याचसाठी जीव तुटतो.

६. बँकेत जे काही असेल ते कडूबाईची मुलगी रोहिणी हिला. हा मोबदला नव्हे. मोबदला कोर्ट ठरवील आणि ज्याने द्यायचा तो देईल. हे घेतलं म्हणून तिने तक्रार मागे घेऊ नये. कुणी तिला तसं सुचवलं तर हा कागद दाखवावा.

७. माझी अंत्ययात्रा रस्त्याच्या डाव्या कडेने न्यावी. बँड नको, वाहतूक अडवू नये. मागून ॲम्ब्युलन्स आली तर मला खाली ठेवून आधी तिला वाट द्यावी. मला घाई नाही. हॉर्न ऐकूनही कधी बाजूला न सरकलेल्या पाथरी रोडच्या तमाम गाडीवाल्यांना मी माफ केलेलं नाही.

८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. गेल्यावर खरं बोलायला छाती लागत नाही. म्हणून कलम चारमधला मजकूर मी आजच, सह्या झाल्याबरोबर, ठाण्यात जाऊन जबाब म्हणून देणार आहे. गाडी धुतल्याची काय शिक्षा असेल ती जिवंतपणी घेईन. डायलिसिसचे दिवस तेवढे साहेबांनी सांभाळावेत. साक्षीला योगीराज आणि डायलिसिसच्या मनिषा सिस्टर बसल्या आहेत. दोघांनी सगळं वाचलं आहे.

ठिकाण: परभणी
दिनांक: ३ मार्च २०२५

सही: चंद्रभान भुजंगराव गिराम

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
१. योगीराज डुकरे, सेवानिवृत्त ॲम्ब्युलन्स मदतनीस
२. मनिषा वाघमारे, परिचारिका

सह्यांनंतर, त्याच साक्षीदारांसमोर वाढवलेला मजकूर: योगीराज रिक्षा आणायला उठला तेव्हा महारुद्र दारात उभा होता. योगीराजने मोठ्याने वाचलेलं सगळं त्याने बाहेरून ऐकलं होतं. तो आत आला. मग म्हणाला, "आबा, तुमी नका सांगू. मी सांगतो."

ठाण्यापर्यंत मी चालवतो म्हणालो आणि त्याच्याकडे गाडीची चावी मागितली. त्याने दिली.

सही: चं. भु. गिराम
साक्षीदार: यो. डुकरे, म. वाघमारे